रोजच्या कामाचे सहा गठ्ठे

सोमवारची सकाळ. ग्रामपंचायतीचे कार्यालय उघडून अर्धा तासही झालेला नाही. टेबलावर पंचायत समितीकडून आलेली तीन पत्रे आहेत आणि त्यांतील एकावर ‘अतितातडीचे’ असा शिक्का आहे. बाकावर दोन ग्रामस्थ बसले आहेत. एकाला घराच्या आकारणीचा उतारा हवा आहे, तर दुसऱ्याला घरीच जन्मलेल्या नातीची नोंद करावयाची आहे. पाणीपुरवठ्याचे काम पाहणारा कर्मचारी दारातूनच सांगून जातो की, टीसीएल पावडर दोन दिवस पुरेल इतकीच उरली आहे. तेवढ्यात दूरध्वनी वाजतो आणि तालुक्याहून कसली तरी माहिती ‘आत्ताच्या आत्ता’ मागितली जाते. दिवस मावळतो तेव्हा माहिती पाठविलेली असते, अतितातडीच्या पत्राला उत्तर गेलेले असते, उताराही दिलेला असतो. आजोबांना मात्र ‘उद्या या’ असे सांगितले गेलेले असते आणि टीसीएलची मागणी राहूनच गेलेली असते. ती राहिली याचे कारण आळस नव्हे. त्या कामाचा कागदच टेबलावर नव्हता, एवढेच.

हे चित्र कोणा एका गावचे नाही. मुख्याध्यापकांचे टेबल, ग्राम महसूल अधिकाऱ्यांचे दप्तर, सरपंचांचा भ्रमणध्वनी, सर्वत्र थोड्याफार फरकाने हेच घडते. कामे पुष्कळ आणि हात मोजके, ही तक्रार खरी आहे. तथापि तिच्या आड दुसरा एक प्रश्न दडलेला असतो. कामांचा क्रम कोण ठरवितो? बहुधा तो शेवटचा दूरध्वनी ठरवितो, किंवा समोर उभा असलेला सर्वांत मोठा आवाज. ज्याचा आवाज लहान असतो, त्याचे काम मागे पडते. म्हणूनच दैनंदिन कामाची मांडणी हा केवळ कर्मचाऱ्याच्या सोयीचा विषय राहत नाही. तो न्यायाचाही विषय होतो.

या मांडणीसाठी देशोदेशी अनेक पद्धती सुचविल्या गेल्या आहेत. परंतु महाराष्ट्रातील महसूल कार्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक पद्धती हाताशी असताना प्रथम दूर पाहण्याचे कारण नाही. ती म्हणजे सहा गठ्ठा पद्धती. ती लिपिकाच्या दप्तरासाठी निर्माण झाली. थोडे फेरफार केल्यास ती कोणाही व्यक्तीच्या दिवसासाठी उपयोगी पडू शकते.

सहा गठ्ठे कोणते?

या पद्धतीत लिपिकाकडील सर्व कागद सहा भागांत ठेवले जातात. पहिल्या गठ्ठ्यात ज्यांवर स्वतः कार्यवाही करावयाची आहे अशी प्रकरणे असतात. दुसऱ्यात प्रतीक्षाधीन प्रकरणे, म्हणजे ज्यांत अन्य कार्यालयाकडून किंवा व्यक्तीकडून उत्तर येणे बाकी आहे ती. तिसऱ्यात नियतकालिके, म्हणजे दर आठवड्याला, महिन्याला किंवा तिमाहीला पाठवावयाची विवरणपत्रे. चौथ्यात स्थायी आदेशांच्या संचिका, म्हणजे वारंवार संदर्भासाठी लागणारी परिपत्रके व निर्णय. पाचव्या गठ्ठ्यात काम संपून अभिलेख कक्षात पाठवावयाचे कागद आणि सहाव्यात नाश करावयाचे कागद ठेवले जातात.

शेवटचे दोन गठ्ठे अभिलेखांच्या वर्गवारीवर आधारलेले आहेत. ‘अ’ वर्गातील कागद कायम जतन करावयाचे, ‘ब’ वर्गातील तीस वर्षे, ‘क’ वर्गातील दहा किंवा पाच वर्षे आणि ‘ड’ वर्गातील एक वर्ष, अशी ही विभागणी आहे. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाची जी फेररचना केली, ती पुढे ‘लखिना पॅटर्न’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्यातही कागदांची वर्गवारी, नको असलेल्या कागदांची विल्हेवाट आणि अभिलेखांची नेटकी मांडणी यांना मोठे स्थान होते.

पद्धतीमागील तत्त्व

सहा गठ्ठ्यांकडे वरवर पाहिले तर ती केवळ कागद रचण्याची युक्ती वाटते. वस्तुतः तिच्यात प्रत्येक कागदाला एक प्रश्न विचारलेला आहे. या क्षणी पाळी कोणाची? पाळी आपली असेल तर कागद पहिल्या गठ्ठ्यात जातो. दुसऱ्याची असेल तर दुसऱ्यात, ठरलेल्या तारखेची असेल तर तिसऱ्यात. कोणाचीच पाळी नसेल, तर तो कागद संदर्भाचा आहे, जतनाचा आहे किंवा निरुपयोगी आहे. हा निर्णय एकदा झाला की तोच कागद दिवसातून पाच वेळा उचलून पुन्हा खाली ठेवण्याचे श्रम वाचतात.

अमेरिकेतील डेव्हिड अॅलन यांनी २००१ मध्ये व्यक्तिगत कामाच्या व्यवस्थापनावर एक पुस्तक लिहिले आणि ते जगभर वाचले गेले. त्यांनी सुचविलेल्या रचनेतही येणारी सर्व कामे प्रथम एका ठिकाणी गोळा करणे, पुढची प्रत्यक्ष कृती ठरविणे, दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या कामांची वेगळी यादी ठेवणे, तारखेची कामे तारखेखाली मांडणे, संदर्भाचे कागद बाजूला काढणे आणि दर आठवड्याला या सर्वांवर नजर फिरविणे, अशाच पायऱ्या आहेत. महसुली दप्तराशी परिचित असलेल्या वाचकाला त्यात फारसे अनोळखी काही आढळणार नाही.

काम लिहून ठेवल्याने मन हलके होते, हा अनेकांचा अनुभव आहे. अपुरी राहिलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक आठवत राहतात, असे निरीक्षण ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. पुढील काळातील सर्व प्रयोगांनी त्याला सारखाच दुजोरा दिला नाही. तथापि मॅसिकॅम्पो व बाउमायस्टर या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, अपुरे काम केव्हा व कसे करावयाचे याची निश्चित योजना केली तरी ते काम इतर कामांच्या वेळी मनात डोकावण्याचे प्रमाण घटते. यासाठी काम पूर्णच झाले पाहिजे असे नाही. ते योग्य गठ्ठ्यात पडले, तरी पुष्कळ साधते.

दप्तरातून दैनंदिनीत

लिपिकाची पद्धती जशीच्या तशी उचलून ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या किंवा मुख्याध्यापकांच्या दिवसावर बसविता येत नाही. तिच्यात काही फेरफार करावे लागतात. त्यांतील चार महत्त्वाचे आहेत.

पहिला फेरफार तोंडी कामांविषयीचा. दप्तराला फक्त कागद दिसतो, तर गावचे आणि शाळेचे निम्मे काम तोंडीच येते. हातपंप नादुरुस्त झाल्याची तक्रार, पालकाने वाटेत थांबवून विचारलेला प्रश्न, बैठकीत वरिष्ठांनी दिलेली सूचना, भ्रमणध्वनीवरील संदेश, यांपैकी कशालाच आवक क्रमांक मिळत नाही. म्हणून खिशात मावेल अशी एक वही बाळगून प्रत्येक तोंडी काम तेथल्या तेथे एका ओळीत टिपून घ्यावे. वही एकच असावी. चिठोऱ्यांवर, पंचांगाच्या पानावर आणि तळहातावर टिपलेली कामे सायंकाळपर्यंत हरवतात.

दुसरा फेरफार नोंदीच्या शब्दांविषयीचा. ‘पाणी’ किंवा ‘शाळा दुरुस्ती’ अशी नोंद पुढे उपयोगी पडत नाही, कारण प्रत्यक्षात काय करावयाचे हे तिच्यात नसते. ‘टीसीएलच्या साठ्याची मागणी आज लिहून पाठविणे’ किंवा ‘वर्गखोलीच्या गळतीची छायाचित्रे घेऊन शाखा अभियंत्यांना देणे’ अशी नोंद वाचताच हात कामाला लागतो. नोंदीत क्रियापद असावे, हा साधा नियम पुरेसा आहे.

तिसरा फेरफार स्थळाविषयीचा. लिपिकाचे काम एका टेबलावर चालते, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे कित्येकदा एकाहून अधिक गावे असतात आणि आठवड्यातील काही वेळ पंचायत समितीच्या बैठकीत जातो. त्यामुळे पहिल्या गठ्ठ्यातील कामे स्थळानुसार लिहिणे सोयीचे पडते. गावात करावयाची, तालुक्याच्या ठिकाणी करावयाची, दूरध्वनीवर होणारी आणि शांतपणे बसून लिहावयाची, अशी चार पाने पुरतात. तालुक्याला गेल्यावर त्या पानावरील पाचही कामे एका फेरीत होतात. तसे न केल्यास एक काम राहून जाते आणि त्यासाठी निराळी फेरी पडते. त्या दिवशी गावातील कार्यालयाला कुलूप दिसते आणि दाखल्यासाठी आलेला माणूस परत जातो.

चौथा फेरफार नियतकालिकांचा. दरमहा जाणारी विवरणपत्रे तिसऱ्या गठ्ठ्यात असतातच, परंतु पुन्हा पुन्हा उद्भवणारी इतर कामेही तेथेच यावयास हवीत. टीसीएल पावडर हे त्याचे उत्तम उदाहरण होय. हवा, ओलावा आणि प्रकाश यांमुळे तिच्यातील क्लोरीन हळूहळू उडून जातो. म्हणून वर्षभराचा साठा एकदाच करून चालत नाही. तिची मागणी ठरावीक अंतराने करावी लागते, विशेषतः पावसाळ्यात. हे काम दर वेळी कर्मचाऱ्याने दारातून ओरडून सांगावे लागत असेल, तर ते चुकीच्या गठ्ठ्यात आहे. महिन्याच्या दोन निश्चित तारखांखाली ‘साठा तपासणे व मागणी करणे’ असे लिहिले की ते स्मरणशक्तीच्या भरवशावर राहत नाही.

आधी कोणते काम?

सहा गठ्ठ्यांनी कामांची विभागणी होते, क्रम ठरत नाही. पहिल्या गठ्ठ्यात वीस कामे असतील तर त्यांतील पहिले कोणते, याचे उत्तर पद्धती देत नाही. ते माणसालाच द्यावे लागते.

तातडीचे आणि महत्त्वाचे या दोहोंतील भेद या ठिकाणी उपयोगी पडतो. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ मधील एका भाषणात, महाविद्यालयाच्या एका माजी प्रमुखाचा दाखला देऊन, हा भेद मांडला होता. पुढे स्टीफन कव्ही यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात त्यावरून चार चौकटींची मांडणी लोकप्रिय केली. तातडीचे व महत्त्वाचे, महत्त्वाचे परंतु तातडीचे नसलेले, तातडीचे परंतु फारसे महत्त्वाचे नसलेले आणि दोन्हीही नसलेले, अशा त्या चौकटी होत. या मांडणीचा मथितार्थ असा की, महत्त्वाची परंतु आज तातडी नसलेली कामेच सर्वाधिक दुर्लक्षित राहतात आणि काही काळाने संकटाचे रूप घेऊन परत येतात.

शासकीय कामात तातडीची व्याख्या काही अंशी कायद्यानेच केली आहे. शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणाऱ्या महाराष्ट्राच्या २००५ च्या अधिनियमानुसार कोणतीही फाईल सर्वसाधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये. तात्काळ स्वरूपाची फाईल शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी आणि तातडीची फाईल चार दिवसांत निकाली निघावी, असे त्यात म्हटले आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला सामान्यतः ३० दिवसांची मुदत आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. या मुदती वहीत कामासमोरच लिहिल्या म्हणजे क्रमाचा अर्धा प्रश्न सुटतो.

उरलेल्या अर्ध्यासाठी एकच कसोटी पुरेशी ठरावी. हे काम आज थांबले तर कोणाचे काय बिघडेल आणि ते नंतर भरून येईल काय? जे भरून येणार नाही ते काम आधी, मग त्याच्यावर शिक्का असो वा नसो.

आता सोमवारच्या टेबलाकडे पुन्हा पाहावे. जन्माची खबर २१ दिवसांत द्यावयाची असते. मुदत टळल्यावर प्रथम विलंब शुल्क, ३० दिवसांनंतर वरिष्ठ निबंधकाची परवानगी आणि वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश, अशी वाट चढती होत जाते. नातीच्या जन्माला एकोणीस दिवस झाले असतील, तर आजोबांना ‘उद्या या’ म्हणणे धोक्याचे आहे. उद्या ते आलेच नाहीत, तर त्या मुलीच्या शाळाप्रवेशापर्यंत हा प्रश्न लांबू शकतो. म्हणून ती नोंद प्रथम. टीसीएलची मागणी दुसरी, कारण दोन दिवसांनी बिनाक्लोरीनचे पाणी साऱ्या गावाच्या घागरीत जाणार आहे. या दोन्ही कामांना मिळून अर्धा-पाऊण तास लागतो. त्यानंतर अतितातडीचे पत्र आणि दूरध्वनीवरची माहिती ही त्याच दिवशी होऊ शकतात. उतारा मुदतीत द्यावयाचा आहे, परंतु अर्जदार बाकावर बसलेलाच असेल तर तो मध्ये देऊन टाकणे शहाणपणाचे. दोन-चार मिनिटांत होणारे काम नोंदवून ठेवण्यापेक्षा करून मोकळे होणे बरे. उरलेली दोन पत्रे मंगळवारी गेली तरी कोणाचे काही बिघडत नाही. कामे तीच, माणूसही तोच. बदलला तो फक्त क्रम.

शाळेच्या टेबलावर

मुख्याध्यापकांच्या बाबतीत महत्त्वाचे परंतु तातडीचे नसलेले काम कसे निसटते, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती योजना आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपर्यंत असलेले शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील विद्यार्थी इयत्ता आठवीत तिची परीक्षा देतात. निवड झाल्यास नववी ते बारावी अशी चार वर्षे दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे एकूण ४८,००० रुपये मिळू शकतात. अर्ज शाळेमार्फत भरले जातात. परंतु उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाकडून यावा लागतो आणि त्यासाठी पालकांना मजुरी बुडवून तालुक्याला जावे लागते.

अर्जाची मुदत जाहीर झाल्यावर हे काम सुरू केले, तर कोणाचा ना कोणाचा दाखला वेळेत येत नाही. ज्याचा येत नाही तो विद्यार्थी बहुधा सर्वांत गरजू असतो, कारण त्याच्या घरी धावपळ करणारे कोणी नसते. हेच काम जूनमध्ये तिसऱ्या गठ्ठ्यात, म्हणजे नियतकालिकांत घातले आणि ‘आठवीच्या पालकांची सभा घेऊन दाखल्यांची यादी करणे’ अशी जुलैच्या पहिल्या आठवड्याची नोंद केली, तर मुदतीच्या वेळी धांदल उरत नाही. शालेय पोषण आहाराची दैनिक नोंद, मासिक विवरणपत्रे, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक ही कामे तारखेला येणारच आहेत. त्यांची पाने वर्षारंभीच आखून ठेवली, तर शिक्षकांच्या तासिकेतून त्यांना ऐनवेळी बाहेर बोलावण्याचे प्रसंग कमी होतील.

प्रतीक्षेचा गठ्ठा

सहांपैकी सर्वाधिक दुर्लक्षित गठ्ठा दुसरा. पत्र लिहिले, जावक क्रमांक पडला आणि कागद पाठविला की काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात काम झालेले नसते, ते फक्त दुसऱ्याच्या टेबलावर गेलेले असते. निराधार वृद्धेचा अर्ज तहसील कार्यालयाकडे गेला आणि तेथून त्रुटीचे पत्र आलेच नाही, तर गावात ‘अर्ज पाठविला आहे’ आणि तालुक्यात ‘कागद अपुरे आहेत’ अशा दोन उत्तरांमध्ये ती वृद्धा महिनोन्‌महिने हेलपाटे घालीत राहते. दोन्ही टेबलांवर तिचे प्रकरण ‘प्रलंबित’ दिसत नाही, हे यातील विशेष.

म्हणून प्रतीक्षेच्या पानावर प्रत्येक नोंदीसमोर तीन गोष्टी असाव्यात. कोणाकडून येणे आहे, केव्हा पाठविले आणि पुन्हा केव्हा विचारावयाचे. तिसरी तारीख नसेल तर ते पान निव्वळ इतिहास ठरते. ती तारीख आली की स्मरणपत्र जावे किंवा दूरध्वनी व्हावा आणि नवी तारीख पडावी. अर्जदार विचारावयास येईल तेव्हा ‘चौकशी करतो’ असे न म्हणता ‘अमुक तारखेला विचारले, त्रुटी ही आहे, हा कागद आणा’ असे सांगता येणे, हे या पानाचे फळ होय.

सरपंच व सदस्यांसाठी हाच गठ्ठा सर्वांत उपयोगी आहे. ग्रामसभेत किंवा मासिक सभेत ठराव होतो, टाळ्या पडतात आणि पुढील सभेत तोच विषय पुन्हा निघतो. ठरावाच्या वहीत प्रत्येक ठरावापुढे ‘पुढील कृती कोणी करावयाची’ आणि ‘केव्हापर्यंत’ असे दोन रकाने वाढविले आणि प्रत्येक मासिक सभेची सुरुवात त्या दोन रकान्यांच्या वाचनाने केली, तर सदस्यांच्या हाती पाठपुराव्याचे मोठे साधन येईल. ग्रामसभेची नोटीस, विषयपत्रिका व मागील सभेचे इतिवृत्त ही कामे तारखेची असल्याने तिसऱ्या गठ्ठ्यात जातात.

आठवड्याचा गोषवारा

कोणतीही वही चार दिवस चांगली चालते आणि पाचव्या दिवशी मागे पडते. जुन्या दप्तराने यावर उपाय योजला होता. कार्यविवरण नोंदवहीचा आठवड्याचा गोषवारा काढला जाई. मागील शिल्लक किती, नवीन आवक किती, निर्गती किती आणि अखेरची शिल्लक किती, हे त्यातून एका दृष्टिक्षेपात कळत असे.

व्यक्तीनेही आठवड्यातून एकदा, निश्चित दिवशी, अर्धा तास याकरिता राखून ठेवावा. शुक्रवारची सायंकाळ चालेल किंवा आठवडी बाजारामुळे वर्दळ कमी असते ती वेळही चालेल. या अर्ध्या तासात चार गोष्टी कराव्यात. झालेल्या कामांवर रेघ मारावी. प्रतीक्षेच्या पानावरील तारखा पाहाव्यात. पुढील पंधरवड्यातील तारखेची कामे वर आणावीत. जे काम तीन आठवडे पुढे ढकलले जात आहे, त्याविषयी निर्णय घ्यावा. ते करावयाचे, दुसऱ्याकडे सोपवावयाचे, की करता येणार नाही असे संबंधिताला स्पष्ट सांगावयाचे? न होणाऱ्या कामाचे वेळेवर मिळालेले उत्तरही अर्जदाराच्या उपयोगाचे असते. त्याला निदान दुसरी वाट धरता येते.

रोजच्या रोज मात्र पाच मिनिटे पुरतात. कार्यालय बंद करण्यापूर्वी दुसऱ्या दिवसाची तीन कामे निवडून वेगळ्या ओळीत लिहावीत. तीनच, कारण उरलेला दिवस अनपेक्षित कामांचा असतो आणि तो तसा असणारच. तीन कामे झाली तर दिवस सार्थकी लागला. वीस कामांची यादी करून सात झाली, तर मनाला तेरांचीच रुखरुख लागते.

मर्यादा आणि दक्षता

पुणे विभागात २०१७ मध्ये तत्कालीन विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांच्या पुढाकाराने ‘झीरो पेंडन्सी’, म्हणजे शून्य प्रलंबितता आणि दैनंदिन निर्गती, हा उपक्रम राबविण्यात आला. वर्गवारी, सहा गठ्ठे आणि रोजचे काम रोज निकाली काढणे हा त्याचा गाभा होता. अशा उपक्रमांचा लाभ टिकवावयाचा तर एका मोहापासून दूर राहिले पाहिजे. शिल्लक शून्य दाखविण्यासाठी कागद पुढील टेबलावर ढकलणे किंवा किरकोळ त्रुटीवर अर्ज परत करणे, ही निर्गती नव्हे. आकडा शून्य होतो, माणसाची अडचण तशीच राहते.

दुसरी दक्षता साधनांविषयीची. अनेक कार्यालयांत आता ई-ऑफिस आले आहे. संगणकाच्या पडद्यावर फाईल कोठे व किती दिवस आहे हे दिसते, ही मोठीच सोय आहे. परंतु तोंडी कामे आणि आवाज नसलेली कामे पडद्यावर आपोआप उमटत नाहीत. खिशातील वहीची गरज त्यामुळे संपत नाही. वहीऐवजी कोणी भ्रमणध्वनीवर नोंदी ठेवील, तर तेही योग्यच. नोंद एका ठिकाणी असावी आणि ती रोज पाहिली जावी, एवढेच महत्त्वाचे.

तिसरी गोष्ट वरिष्ठांनी ध्यानी घ्यावयाची आहे. प्रत्येक पत्रावर ‘अतितातडीचे’ असा शिक्का पडू लागला की त्या शिक्क्याला अर्थ उरत नाही आणि खालच्या टेबलावरील क्रम कोलमडतो. एकच माहिती तीन नमुन्यांत, तीन दिवशी मागितली तर उत्तम वहीदेखील हतबल ठरते. मनुष्यबळ अपुरे असेल तेथे ते अपुरेच राहते, कोणतीही पद्धती त्याची जागा घेऊ शकत नाही. तथापि काय शिल्लक आहे आणि कशामुळे, याची नेमकी नोंद हाती असली, तर वरिष्ठांपुढे तक्रारीऐवजी वस्तुस्थिती मांडता येते.

पद्धती ही अखेर मापाने शिवावयाच्या सदऱ्यासारखी आहे. कोणाला चार पाने पुरतील, कोणाला सात लागतील. एखादा सरपंच सभेचा दिवस धरून आठवडा मोजील, एखाद्या मुख्याध्यापिका परिपाठापूर्वीची दहा मिनिटे वहीला देतील. महिनाभर वापरून जे उपयोगी पडत नाही ते सोडावे आणि जे उपयोगी पडते ते नेमाने करावे. वहीची परीक्षा मात्र तिच्या नीटनेटकेपणावर होणार नाही. बाकावर बसलेल्या आजोबांना पुन्हा यावे लागले की नाही, यावर ती होईल.